दोन मॉनिटरवर एक्सेल: सियागंजच्या बिलांवर चार वर्षं चालवून बघितलं

आधीच सांगते, हा रिव्ह्यू मॉनिटरचा नाही, एक्सेलचा आहे, आणि तोही एकाच बाबतीतला, की समोर दोन स्क्रीन असल्या तर ते कसं चालतं, कुठे साथ देतं आणि कुठे आपल्याला सांभाळून घ्यावं लागतं. मी इंदूरला लोकमान्य नगरात घरूनच अकाउंट्सचं काम करते, पार्ट्या, म्हणजे माझी गिऱ्हाइकं, बहुतेक इथल्या सियागंज बाजारातल्या, किराणा, सुकामेवा, हार्डवेअरवाले, त्यामुळे दिवसभर समोर एक्सेल असतं आणि महिन्याच्या १४ तारखेपासून २० तारखेपर्यंत तर रात्रीसुद्धा असतं. जीएसटीचं काम करणाऱ्यांना कळलंच असेल, १४ला टू-बी (सप्लायरांनी पोर्टलवर टाकलेल्या बिलांची यादी) तयार होतं, २०ला थ्री-बी (महिन्याचं टॅक्सचं रिटर्न) भरायचं, आणि मधल्या दिवसांत एकेका पार्टीची सगळी खरेदी टू-बीशी जुळवायची.

जुळवायचं म्हणजे एका फाईलमध्ये पोर्टलवरून उतरवलेलं जीएसटीआर-२बी आणि दुसऱ्या फाईलमध्ये टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेलं खरेदीचं रजिस्टर. फॉर्म्युला लावला की बरीचशी बिलं आपोआप जुळतात, प्रश्न उरलेल्यांचा असतो, ती डोळ्यांनीच बघावी लागतात. सप्लायरने पोर्टलवर बिल नंबर टाकलाय ०१४७, आमच्याकडे टॅलीत चढलाय १४७, कोणी मध्ये डॅश दिलाय, कोणी पुढे वर्ष जोडलंय, एक्सेलला ही दोन वेगळी बिलं वाटतात आणि माणसाला बघितल्याबरोबर कळतं की एकच आहे. पण बघितल्याबरोबर कळायला दोन्ही एका वेळी दिसायला तर पाहिजेत ना.

एका स्क्रीनवर काय व्हायचं सांगते. टू-बीत १८,४५२ वाचायचं, ऑल्ट टॅब दाबायचं, दुसरी फाईल वर येईपर्यंत मनात आकडा घोकायचा, तेवढ्यात फोन वाजणार, "भाभी, हमारा बिल दिखा क्या", आणि फोन ठेवल्यावर मी रजिस्टरमध्ये १८,५४२ शोधत बसलेली. तो सापडत नाही म्हणून परत ऑल्ट टॅब. आमचे सासरे, अण्णा, सियागंजमध्ये एका पेढीवर मुनीम होते, आयुष्यभर वह्या लिहिल्या त्यांनी. एकदा माझ्या पाठीमागे चहा घेऊन उभे होते, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "अगं, दोन वह्या एकावर एक ठेवून कोणी खतावतं का?" ते स्वतः रोजमेळ (रोजच्या नोंदींची वही) डावीकडे उघडायचे, खतावणी (खात्यांची वही) उजवीकडे, डावं बोट रोजमेळच्या ओळीवर आणि उजव्या हातात पेन, मान फक्त हलायची. एक नोंद खतावली की बोट एक ओळ खाली. पन्नास नोंदी झाल्या तरी त्यांना एकही आकडा डोक्यात धरून ठेवावा लागत नसे. त्याच आठवड्यात मी जुना २२ इंची मॉनिटर घेऊन आले.

आणि इथेच पहिली ठेच लागली, कारण तेव्हा माझ्याकडे एक्सेल २०१० होतं. २०१० पर्यंतच्या एक्सेलची बांधणीच अशी आहे की बाहेर एक मोठी चौकट आणि सगळ्या फायली त्या चौकटीच्या आत. फाईल ओढून दुसऱ्या स्क्रीनवर न्यायला गेलं की ती चौकटीच्या कडेला जाऊन अडकते, बाहेर पडतच नाही. मला वाटलं मॉनिटर नीट लागला नाही, केबल दोनदा काढून घातली. मग कोणीतरी सुचवलं की ती चौकटच ओढून दोन्ही स्क्रीनवर पसरव, तेही केलं, पण लॅपटॉप फुल एचडी आणि तो जुना मॉनिटर १३६६ बाय ७६८चा, त्यामुळे एका बाजूला खालच्या ओळी आणि शीटची नावं कापलीच जायची. दुसरा उपाय म्हणजे एक्सेलच दोनदा चालू करायचं. त्याने दोन स्क्रीनवर दोन फायली दिसतात खऱ्या, पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत. व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून शोधून आणणारा फॉर्म्युला) लिहिताना दुसऱ्या फाईलवर क्लिक करून रेंज घ्यायला गेलं की घेताच येत नाही, आणि इकडून कॉपी करून तिकडे पेस्ट केलं तर फॉर्म्युले येत नाहीत, नुसत्या किमती येतात. जुळवणीच्या कामात हे म्हणजे हात बांधून पोळ्या लाटण्यासारखं. तेव्हा जे अजूनही २०१० धरून बसलेत त्यांनी दुसरा मॉनिटर घ्यायच्या आधी एक्सेल बदलावं, त्याचा सपोर्टही ऑक्टोबर २०२० मध्येच संपलाय.

एक्सेल २०१३ पासून प्रत्येक फाईलला स्वतःची खिडकी मिळाली आणि गोष्ट सुटली. आता मी मायक्रोसॉफ्ट ३६५मधलं एक्सेल वापरते. टू-बी डाव्या स्क्रीनवर, रजिस्टर उजव्या स्क्रीनवर, दोन्ही पूर्ण मोठी केलेली, आणि आतून एक्सेल एकच चालू असल्यामुळे इकडच्या सेलमध्ये एक्सलुकअप (व्हीलुकअपचंच नवं रूप) लिहिता लिहिता तिकडच्या फाईलवर क्लिक केलं की रेंज सरळ येते. माऊसने ओढत बसायची पण गरज नाही, विंडोज आणि शिफ्ट धरून उजवा किंवा डावा बाण दाबला की उघडी खिडकी उडी मारून दुसऱ्या स्क्रीनवर जाते, हे एक बटन मी दिवसातून किती वेळा दाबत असेन त्याला गणती नाही.

पण मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे आणि ती फार लोक वापरताना दिसत नाहीत. व्ह्यू मध्ये न्यू विंडो म्हणून आहे. त्याने दुसरी फाईल उघडत नाही, तीच फाईल दुसऱ्या खिडकीत दिसते, वर नावापुढे १ आणि २ येतं. माझ्या प्रत्येक पार्टीची एक वर्षाची फाईल असते, त्यात बारा महिन्यांची शीटं आणि पुढे एक समरी. आता डावीकडे ऑक्टोबरचं शीट आणि उजवीकडे समरी, दोन्ही एकाच फाईलची. ऑक्टोबरमध्ये एक आकडा दुरुस्त केला की मान वळवायच्या आत समरीतली बेरीज बदललेली दिसते. आधी आकडा बदलून, समरीवर जाऊन, बघून, परत यायचे आणि परत आल्यावर कुठल्या ओळीवर होते तेच सापडायचं नाही.

इथे एक नीट समजून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही, दोन खिडक्या असल्या तरी फाईल एकच आहे. झूम, कुठलं शीट उघडं आहे, फ्रीझ केलेल्या (खाली सरकलं तरी वर थांबून राहणाऱ्या) ओळी, हे सगळं त्या त्या खिडकीचं असतं. पण फिल्टर शीटचं असतं, म्हणजे एकाच शीटच्या दोन खिडक्या उघडून एकीत फिल्टर लावला तर दुसरीतल्या ओळीही लपतात. आणि न्यू विंडो केल्यावर नव्या खिडकीत फ्रीझ पेन आला नसेल तर वरची हेडिंगची ओळ सरकून जाते, तो परत लावावा लागतो. बंद करताना नेहमी २ नंबरची खिडकी आधी बंद करायची, मग सेव्ह, कारण १ नंबर आधी बंद करून २ मधून सेव्ह केलं तर फाईल पुढच्या वेळी फ्रीझशिवाय उघडू शकते. बारा शीटांचे फ्रीझ मी एकदा परत लावत बसले होते, तेव्हापासून हे पाठ झालं.

आता जी गोष्ट सांगायला मी खरं तर हे सगळं लिहायला बसले ती. अनडू. एक्सेलमध्ये एकत्र उघडलेल्या सगळ्या फायलींचा अनडू एकच असतो, सामायिक. तुम्ही रजिस्टरमध्ये उभे राहून कंट्रोल झेड दाबलात तर ते रजिस्टरमधलं शेवटचं काम मागे घेतं असं नाही, ते सगळ्या फायलींमधलं शेवटचं काम मागे घेतं, मग ते कुठल्या का फाईलीतलं असेना. ही बिघाड नाही, त्याची बांधणीच तशी आहे, पण एका स्क्रीनवर असताना हे फारसं नडत नाही कारण दुसरी फाईल एकदम समोर येते आणि लक्षात येतं. दोन स्क्रीनवर ते दुसऱ्या स्क्रीनवर घडतं, आणि आपण तिकडे बघतोच असं नाही. मागच्या वर्षी १९ तारखेच्या रात्री मी हातातल्या कागदी बिलाकडे बघत पाच वेळा कंट्रोल झेड दाबलं, मला रजिस्टरमधली दोन चुकीची टायपिंग काढायची होती. त्यातली पहिली दोन तिथली होती, पुढची तीन टू-बीच्या फाईलीतली, जिथे मी संध्याकाळी तीन बिलांपुढे "जुळलं" लिहिलं होतं. ती तीन बिलं परत न जुळलेल्यांत जाऊन बसली, त्यांची क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट) मी धरलीच नाही, आणि पार्टीला त्या महिन्यात तेवढा टॅक्स रोख भरावा लागला. पुढच्या महिन्यात ती क्रेडिट घेता आली, नुकसान कायमचं झालं नाही, पण त्या माणसाचे पैसे माझ्यामुळे महिनाभर अडकले याचं मला फार वाईट वाटलं आणि मी स्वतः दुकानावर जाऊन त्यांना सांगून आले. म्हणून सांगते, दोन फायली दोन स्क्रीनवर असल्या तर कंट्रोल झेड दाबताना कागदाकडे नाही, स्क्रीनकडे बघा, आणि एक-एक करून दाबा. ज्या फाईलीत फक्त बघायचंच आहे तिचं शीट प्रोटेक्ट करा, माझी मूळ टू-बी आता तशीच असते आणि शेरे मी फक्त रजिस्टरमध्ये लिहिते, म्हणजे हात लागतो तो एकाच फाईलला.

लिबरऑफिस कॅल्कमध्ये मात्र प्रत्येक फाईलचा अनडू वेगळा आहे, आणि ते फुकट आहे. आमच्याकडे कामाला येणारी मुलगी त्यावरच काम करते, तिच्या घरी तेच आहे, तिथेही न्यू विंडो आहे आणि दोन स्क्रीनवर व्यवस्थित चालतं. २४.८ व्हर्जनपासून त्यात एक्सलुकअप पण आलंय, त्यामुळे पूर्वी तिच्या फायली माझ्याकडे आणि माझ्या तिच्याकडे उघडताना जो त्रास व्हायचा तो बराच कमी झाला. नवीन सुरुवात करणाऱ्याने आधी तेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. गूगल शीट्स पण दोन ब्राउझर विंडोत उघडून चालतात, फ्रीझ दोन्हीकडे राहतो, पण मोठ्या रजिस्टरला माझ्या लॅपटॉपवर ते जड जातं, पार्टीबरोबर छोटी यादी शेअर करायला ठीक.

व्ह्यू साइड बाय साइड आणि त्यातलं सिंक्रोनस स्क्रोलिंग, एक फाईल सरकवली की दुसरीही सरकते. हे दोन याद्या एकाच क्रमाने असतील तरच कामाचं. सप्टेंबरची ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) आणि ऑक्टोबरची, उत्तम. टू-बी आणि रजिस्टरला नाही, तिथे एका बाजूला एक बिल जास्त निघालं की पुढचं सगळं एका ओळीने घसरतं. बटन दाबल्यावर दोन्ही खिडक्या एकाच स्क्रीनवर वर-खाली येतात, त्यातली एक दुसऱ्या स्क्रीनवर नेऊन मोठी करायची.

मॉनिटरबद्दल थोडं. नंतर मी फुल एचडी मॉनिटर घेतला आणि तो उभा लावला, विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये पोर्ट्रेट केलं की झालं, फक्त स्टँड फिरणारा पाहिजे. आडव्या फुल एचडीवर १००% झूमला वरची रिबन सोडून साधारण ४० ओळी दिसतात, उभ्यावर ८०च्या आसपास, आणि खरेदीच्या रजिस्टरला कॉलम लागतात आठ-दहाच, लांबी लागते. अण्णांनी तो बघितला तेव्हा म्हणाले ही आता वहीसारखी दिसते. खरंच दिसते. फक्त एक अडचण येते, लॅपटॉपचं स्केलिंग (सगळं किती मोठं दाखवायचं ते प्रमाण) १२५% असतं आणि बाहेरच्याचं १००%, मग इकडून तिकडे नेल्यावर अक्षरं धूसर वाटतात. एक्सेलच्या ऑप्शन्समध्ये जनरलखाली एकापेक्षा जास्त डिस्प्लेसाठीची एक निवड आहे, त्यात दिसायला उत्तम हवं की कंपॅटिबिलिटी हवी असं विचारतात, पहिलं ठेवून धूसर वाटलं तर दुसरं करून बघा, एक्सेल बंद करून परत चालू करावं लागतं. दिवसभर आकडे वाचणाऱ्याने ही दोन मिनिटं जरूर घालवावी, ३ आणि ८ मधला फरक शोधून शोधून डोळे दुखायला लागतात.

आणि एक शेवटचं, मला हे सियागंजच्या दुकानात भर गर्दीत कळलं. घरचा मॉनिटर काढून लॅपटॉप घेऊन गेलं की कधीकधी फाईल उघडते पण दिसत नाही, खाली टास्कबारवर असते आणि स्क्रीनवर नाही, कारण ती अजून घरच्या मॉनिटरच्या जागेवर उघडलेली असते. घाबरून फाईल परत परत उघडू नका. टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबा, मग एम, मग एकदा डावा किंवा उजवा बाण, आणि माऊस हलवला की फाईल माऊसला चिकटून समोर येते, हवी तिथे क्लिक करून सोडा.