आबांची लष्करी नोंद शोधताना: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी गणपतीत सुरुवात केली होती, आता दुसरी दिवाळी तोंडावर आलीय. माझ्यासारखं कुणी घरातल्या माणसाची दुसऱ्या महायुद्धातली नोंद शोधायला बसलं असेल तर त्याचे काही महिने वाचावेत, म्हणून लिहितेय.

आबा म्हणजे माझ्या आईचे वडील. ते लवकर गेले. आई तेव्हा अकरा वर्षांची होती, त्यामुळे तिच्याकडे आठवणी मोजक्याच. घरात मागे उरलं ते इतकंच: सदाशिव पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावरची एक लोखंडी ट्रंक, गणवेशातला एक फोटो आणि तीन मेडलं. ‘आबा कॅप्टन होते’ असं मामा सांगायचा, मावशी म्हणायची लेफ्टनंट. दर लग्नकार्यात यावरून दोघांची जुंपायची.

मी पहिल्याच महिन्यात उत्साहाच्या भरात दिल्लीला माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत, सगळं घरबसल्या ऑनलाइन. अर्जात फक्त नाव, गाव आणि ‘मराठा पलटण’. एका कार्यालयातून तो दुसऱ्याकडे गेला, तिथून तिसऱ्याकडे, आणि शेवटी उत्तर आलं की एवढ्या माहितीवर नोंद सापडत नाही. तेव्हा फार राग आला होता. नंतर कळलं की अर्जातच दम नव्हता. फौजेत माणूस नावाने सापडत नाही, नंबराने सापडतो.

त्याहून आधी ठरवायची गोष्ट म्हणजे आपला माणूस नेमका कुठल्या अर्थाने ऑफिसर होता. त्या काळी जमादार, सुभेदार आणि सुभेदार-मेजर यांना व्हाइसरॉयचं कमिशन, म्हणजे अधिकारपदाची नेमणूक, असायची. घरोघरी त्यांनाही ऑफिसरच म्हणत, आणि त्यात चूक काही नाही. स्वातंत्र्यानंतर हेच जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, झाले. फोटोवरून फसायला होतं, कारण खांद्यावर दोन स्टार सुभेदारालाही आणि लेफ्टनंटलाही. पण कागद वेगवेगळ्या ठिकाणी जातात. जवान आणि जेसीओंची नोंद त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते: मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, बॉम्बे सॅपर्सची आपल्या खडकीला. अधिकाऱ्यांची नोंद दिल्लीला सेना मुख्यालयाकडे.

नंबर मिळाला तो मेडलवर. ब्रिटिश सैनिकांना दुसऱ्या महायुद्धातली मेडलं सहसा कोरी मिळाली, पण हिंदी फौजेतल्यांच्या मेडलांवर नंबर आणि नाव ठोकलेलं असायचं. हे मला डिसेंबरपर्यंत माहीतच नव्हतं. आजी दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर ती मेडलंही चिंच लावून घासायची, त्यामुळे इटली स्टारची मागची बाजू पार गुळगुळीत झाली आहे. वॉर मेडलची कड मात्र थोडी वाचली. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा धरला, मेडल हळूहळू फिरवलं, आणि बारीक अक्षरं सावलीसकट वर आली. आधी आय-ई-सी, मग आकडे. त्यातला एक तीन आहे की आठ, यावर आई आणि मी तासभर भिंग घेऊन बसलो. आयईसी म्हणजे इंडियन इमर्जन्सी कमिशन, युद्धापुरतं दिलेलं. आबा लेफ्टनंट झाले ते त्यातून. तुमच्याकडे मेडलं असतील तर हात जोडून सांगते, घासू नका.

त्यानंतर इंडियन आर्मी लिस्ट. म्हणजे अधिकाऱ्यांची छापील यादी, जिच्या बऱ्याच वर्षांच्या स्कॅन प्रती इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतात. शोधखिडकीवर भरवसा ठेवू नका. छपाई इतकी बारीक आहे की यंत्राला निम्मी अक्षरं वेगळीच दिसतात. शिवाय आपली आडनावं! आबांचं आडनाव ‘व’ने सुरू होतं. मी ‘व्ही’ने शोधत राहिले, यादीत ते ‘डब्ल्यू’ने होतं. जाधव, कदम, शिर्के यांचीही तीन-चार स्पेलिंगं सापडतील. पलटणीचं नावच तेव्हा ‘मह्रट्टा’ असं लिहीत, पुण्याचं ‘पूना’ आणि खडकीचं ‘किर्की’. शेवटी पानामागून पान डोळ्यांनीच वाचलं. मिळालं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. कमिशनची तारीख समोर होती. आकडा तीनच होता.

लंडन गॅझेट हे ब्रिटिश सरकारचं राजपत्र आणि लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमधली, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी दप्तरखान्यातली, डब्ल्यूओ 373 ही कागदांची मालिका मात्र आमच्या कामी आली नाही. गॅझेटमध्ये शौर्यपदकांच्या घोषणा आहेत आणि मालिकेत त्यांच्या शिफारशी. ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत डीएसओ हे पदक मिळवणाऱ्या थोरातांसारख्या अधिकाऱ्याचा शोध घ्यायचा असेल तर तिथूनच सुरुवात करावी. पण तिथे नाव नाही म्हणजे माणूस लढलाच नाही, असा अर्थ मनात आणू नका. मी आणला होता, आणि दोन दिवस उगीच खिन्न होते. एका परदेशी वंशावळ संकेतस्थळाचं सहा महिन्यांचं सभासदत्वही घेतलं होतं, ते पैसे वाया गेले. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे लष्करी कागद आहेत, त्यात अधिकाऱ्यांच्या फायलीही आहेत, आबांची नव्हती.

दुसरा अर्ज मार्चमध्ये केला. नंबर, कमिशनची तारीख, पलटण, आबांचा मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा आईचा जन्मदाखला, सगळं जोडून. या वेळी नोंदीचा दोन पानी सारांश आला. भरती, बेळगावच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमधलं प्रशिक्षण, इटली, आणि 1946 मध्ये सेवामुक्त. हुद्द्यापुढे लिहिलं होतं: वॉर सबस्टँटिव्ह लेफ्टनंट, टेंपररी कॅप्टन. म्हणजे युद्धकाळापुरता पक्का हुद्दा लेफ्टनंटचा आणि तात्पुरता कॅप्टनचा. मामा आणि मावशी दोघंही खरं बोलत होते! मी दोघांना एकाच वेळी फोन लावला. मावशी रडायलाच लागली.

सगळ्यात मोलाचं काय मिळालं असं विचाराल तर वॉर डायरी. प्रत्येक पलटण युद्धात रोजची नोंद ठेवायची. इटलीतल्या डायऱ्या क्यूला डब्ल्यूओ 170 मध्ये आहेत, ब्रह्मदेशातल्या डब्ल्यूओ 172 मध्ये. बहुतेक स्कॅन झालेल्या नाहीत. कुणी तिथे जाऊन बघावं लागतं किंवा पैसे भरून प्रती मागवाव्या लागतात. भाची लंडनला शिकते. वाचकाचं ओळखपत्र फुकट मिळतं आणि स्वतःच्या मोबाइलने फोटो काढू देतात, त्यामुळे तिने एका शनिवारी पाच महिन्यांची पानं पाठवली. डायरीत जवानांची नावं फार क्वचित येतात, अधिकाऱ्यांची येतात. आबांचं नाव तीनदा आहे. पलटणीत दाखल झाले तेव्हा, एकदा गस्त घेऊन नदीपर्यंत गेले तेव्हा, आणि फेब्रुवारी 1945 मध्ये कावीळ होऊन हॉस्पिटलला गेले तेव्हा.

ते शेवटचं पान मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘म्हणून ते भातावर तूप घेत नसत. आई रोज वाढायला जायची आणि ते ताटावर हात धरायचे.’

एप्रिलची पानं अजून बाकी आहेत. मराठा पलटणीतल्या नामदेव जाधवांना इटलीतल्या सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो 9 एप्रिल 1945 चा दिवस, आणि आबा तोवर हॉस्पिटलमधून परत आले होते की नाही हे आईला कळायला हवं आहे. भाची नोव्हेंबरात पुन्हा जाणार आहे.