कॅनकूनला जेवायचं कुठे: ऑल-इन्क्लुझिव्ह हॉटेलात की गावात?

मेक्सिकोतल्या कॅनकून किंवा प्लाया देल कार्मेनला आठवडाभर जायचं ठरलं की हॉटेल निवडताना एक प्रश्न उरतोच. खाणंपिणं धरून एकरकमी पैसे घेणारं ऑल-इन्क्लुझिव्ह घ्यावं, की नुसती खोली घेऊन रोज बाहेर जेवावं? मी दोन्ही करून बघितलं आहे. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण तो सगळ्यांना मानवेलच असं नाही, म्हणून आधी पहिल्याची बाजू.

बरोबर लहान मुलं किंवा गुडघेदुखीचे आईबाबा असतील, कुणी कांदालसूणही न खाणारं असेल, तर ऑल-इन्क्लुझिव्हला तोड नाही. चेक-इनच्या दिवशीच शेफला गाठून सांगितलं की भात आणि घेवड्याचे दाणे बहुतेक ठिकाणी वेगळे करून मिळतात, आणि हे बोलणं इंग्रजीत होतं. हॉटेल ३०७ नंबरच्या हायवेलगत एकटंच उभं असेल तर बाहेर जेवायला दर वेळी टॅक्सी लागते, मग तिथे दुसरा विचार करूच नये. एक काळजी मात्र घ्यावी. रात्रीच्या चांगल्या रेस्टॉरंटना बऱ्याचदा आधी टेबल सांगून ठेवावं लागतं, आणि पुरुषांना फुल पँट व बंद बूट लागतात. सगळ्या रात्रींची टेबलं पहिल्याच दुपारी सांगून टाका, नाहीतर रोज बुफे.

चवीचं म्हणाल तर बुफेत मार खाते ती तोर्तिया. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात, त्या ओल्या पिठाची तोर्तिया तव्यावरून उतरल्यावर दोन-तीन मिनिटंच खरी. हातात घेतली की मऊ लागते, कुठेकुठे काळे ठिपके पडलेले असतात आणि वाफेला भाजक्या मक्याचा वास असतो. तीच झाकणाखाली अर्धा तास राहिली की घामेजते, कडा चिवट होतात, दुमडली की मधोमध फाटते आणि सगळा रस मनगटावर येतो. ज्वारीची गरम भाकरी आणि डब्यातली दुपारची भाकरी यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही आहे.

पण तोर्तियासाठी कुणी हॉटेल बदलत नाही. माझं पारडं झुकलं ते जेवणाच्या वेळांमुळे.

युकातान भागात, म्हणजे कॅनकून ज्यात येतं त्या द्वीपकल्पात, प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली असते. कोचिनिता पिबिल, म्हणजे शेंद्रीच्या बियांचं वाटण आणि आंबट संत्र्याचा रस लावून केळीच्या पानात गुंडाळलेलं डुकराचं मांस, रात्रभर मंद शिजतं आणि सकाळी विकलं जातं. रविवारी तर हमखास, आणि दुपारच्या आत पातेलं रिकामं होतं. सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा, आणि अख्खा तळलेला मासा देणाऱ्या मारिस्केरिया साधारण अकरा-बाराला उघडतात आणि पुष्कळशा पाच-सहाला बंद होतात. मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. तेव्हा फोंदात, म्हणजे तिथल्या खानावळीत, ‘कोमिदा कोर्रिदा’ मिळते: सूप, भात, एक रस्सा किंवा सुकं, तोर्तिया आणि सरबत, सगळं एका ठरलेल्या दरात. ताको अल पास्तोरचा उभा खांब, म्हणजे सळईवर रचून भाजलेलं डुकराचं मांस, संध्याकाळी पेटतो आणि रात्री आठनंतर रंगात येतो.

आता यावर ऑल-इन्क्लुझिव्हचं वेळापत्रक ठेवून बघा. नाश्ता सात ते अकरा, दुपारचं जेवण साडेबारा ते तीन, दोन्हींचे पैसे भरलेले. सकाळी बाहेर पडू म्हटलं की चौघांतलं एक जण म्हणतंच, ‘इथलं खाऊन जाऊ ना, भरलेत की पैसे.’ खाऊन निघावं तर कोचिनिता संपलेली. दुपारीही तेच. उरते रात्र, तेव्हा मारिस्केरियाला कुलूप असतं, आणि पावलं वळतात ती हॉटेल झोनमधल्या ढणढणत्या गाण्यांच्या रस्त्याकडे, जिथला मेन्यू पर्यटकांसाठीच लिहिलेला असतो. एखाद्या दिवशी हे चालतं, पण सातही दिवस असंच होतं. ‘नुसता नाश्ता धरून’ मिळणारी खोली स्वस्त वाटते, पण तिच्यातही हीच खोट आहे. गावातलं सकाळचं खाणं सर्वात भारी, आणि नेमकं तेच सुटतं.

नुसती खोली घ्यायची तर जागा चालत जेवायला जाता येईल अशी हवी. कॅनकूनमध्ये गावाचा मध्यभाग, म्हणजे सेंत्रो, बरा. तिथून समुद्रावर जायला आर-१ आणि आर-२ बस सतत असतात. खाण्यासाठी मेर्कादो २३ हा बाजार बघा. मेर्कादो २८ मध्ये भेटवस्तूंचीच दुकानं जास्त. संध्याकाळी पार्के दे लास पालापासमध्ये मार्केसिता घ्या. दोन लोखंडी पत्र्यांत पातळ पीठ दाबून भाजतात, त्यावर एदाम चीज किसून घालतात आणि गुंडाळी करून देतात. ती लगेच खायची, पाच मिनिटांत मऊ पडते. प्लाया देल कार्मेनला किंता या पर्यटकांच्या मुख्य रस्त्यावरून दोन-तीन समांतर रस्ते आत गेलं की भाव उतरतात. प्वेर्तो मोरेलोस हे गाव लहान आणि शांत, सगळं पायी. इस्ला मुहेरेस बेटावर बोटीने वीसेक मिनिटं लागतात. तिथे तिकिन शिक, म्हणजे शेंद्रीचं वाटण लावून भाजलेला मासा, आधी सांगून मग पोहायला जावं, कारण भाजायला वेळ लागतो. हे लाल वाटण बघून गोव्याचा रेशाद आठवेल, पण ते तिखट नसतं. तिखट असतो शेजारच्या वाटीतला श्निपेक: कांदा, आंबट संत्रं आणि आबानेरो मिरची. ठेच्याची सवय असली तरी अर्ध्या चमच्यानेच सुरुवात करा, जाळ उशिरा चढतो.

शाकाहाऱ्यांनी ‘सिन कार्ने’ म्हणून थांबू नये. तिथे ‘कार्ने’ म्हणजे पुष्कळांच्या मनात लाल मांस, आणि कोंबडी त्यात धरतीलच असं नाही. विचारायचे प्रश्न दोन. ‘तिएने मांतेका?’ म्हणजे डुकराची चरबी आहे का. परतलेला घेवडा, तामाल (पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ) आणि मैद्याच्या तोर्तियात ती बऱ्याचदा असते. ‘तिएने काल्दो दे पोयो?’ म्हणजे कोंबडीचं पाणी आहे का. भात आणि सूप त्यात फसतात. सोमवारी तर घेवडा घरोघरी डुकराच्या मांसातच शिजतो. बिनधास्त मागवावं ते सिकिल पाक, म्हणजे भोपळ्याच्या भाजलेल्या बिया आणि टोमॅटोची चटणी. भोपळ्याच्या फुलांची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तियाही छान लागते, फक्त ती ‘अल कोमाल’, तव्यावरची सांगा, तळणीतली नको. अंडं चालत असेल तर पापादसुलेस, म्हणजे उकडलेलं अंडं भरलेल्या, भोपळ्याच्या बियांच्या रश्शातल्या तोर्तिया, चुकवू नका. प्यायला हामाइका मागवा, ते लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत.

बाहेर खाण्यात पोट बिघडण्याचा धोका जास्त, हे मान्य. तव्यावरून थेट ताटात येतं ते सहसा बाधत नाही. बाधतं ते उन्हात उघडं राहिलेलं सालसा, आदल्या दिवशीचा सेविचे आणि नळाच्या पाण्याने धुतलेला पाला. मधे भोक असलेला गोल बर्फ कारखान्यातला असतो, तो चालतो. फार्मासियात ‘सुएरो ओराल’ मागितलं की इलेक्ट्रालसारखं पाणी मिळतं.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. ‘ला क्वेंता, पोर फावोर’ म्हणावं. मेन्यूवरचं $ हे सहसा पेसोचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, चिन्ह असतं. कार्डाच्या मशीनने डॉलर की पेसो विचारलं तर पेसोच दाबा. टीप दहा ते पंधरा टक्के, पण आधी बिलात ‘सेर्विसिओ’ धरलंय का बघा.

घरात मत विभागलं असेल तर पहिल्या चार रात्री गावात आणि शेवटच्या तीन ऑल-इन्क्लुझिव्ह असं करा. उलटं केलंत तर आयत्या ताटाची सवय लागते आणि गावातल्या सकाळी झोपेत जातात. आणि गावातला एक दिवस तरी रविवार येईल असं बुकिंग बघा. साडेआठला रिकाम्या पोटी निघा, जिथे गावातली माणसं पिशव्या घेऊन रांगेत दिसतील तिथे उभे राहा, आणि तोर्ता, म्हणजे कोचिनिता भरलेला पाव, रसात थोडा बुडवून मागा.