लायब्ररी आहे की अभ्यासिका? पुण्यातल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचा अनुभव (5 पैकी 3 स्टार)

पुण्यातल्या एका सरकारी युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मी दीड वर्षं बाहेरची सभासद म्हणून जातेय, आठवड्यातून दोनदा तरी, त्यामुळे एका भेटीवरून लिहीत नाहीये. नाव मुद्दाम टाकत नाही कारण तिथे जी थोडी माणसं उरलीत त्यांना माझ्या लिहिण्याचा त्रास व्हायला नको, ती आहेत म्हणून ही लायब्ररी रोज उघडते.

आधी चांगलं सांगते. जागा मस्त आहे, शांत, बाहेर मोठी झाडं, मे महिन्यातसुद्धा आत बसवतं. नवी पेठ, सदाशिव पेठेत पोरं खाजगी अभ्यासिकेत एका खुर्चीसाठी महिन्याला हजार-बाराशे मोजून कोपराला कोपर लावून बसतात, त्या मानाने इथे टेबल मोठं, पंखा डोक्यावर, गार पाणी आहे. साडेआठला गेलात तर खिडकीजवळची जागा मिळते, नऊनंतर नाही.

पण हॉल भरलेला असतो तो बहुतेक एमपीएससी-नेट करणाऱ्यांनी, आपापली पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून घेऊन आलेल्या. त्यांची काहीच चूक नाही, त्यांना जागा मिळतेय हे चांगलंच आहे. मात्र समोरच्या कपाटांकडे दिवसभरात कोणी उठून जात नाही आणि त्याचं कारण कपाटातच आहे.

मी 1972 चा दुष्काळ आणि रोजगार हमी यावर वाचतेय. जुनं इथे जे आहे ते बाहेर कुठे मिळणार नाही, दुष्काळी भागांची पाहणी करणाऱ्या सुकथनकर समितीचा 1973 चा अहवाल मला इथे मूळ छापील हातात मिळाला, रोजगार हमीचा कायदा 1977 चा, त्याच्या आसपासची सरकारी पुस्तकं, पुरवण्या, जिल्हावार आकडे सगळं ओळीने लावलेलं. कोणीतरी एकेकाळी फार विचार करून ही खरेदी केलीये हे कळतं. आणि मग 2015-16 च्या पुढे सरकलं की रॅक रिकामा. मी विचारलं तर काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, त्यानंतरचं डोनेशनमध्ये आलं असेल तरच."

एक पुस्तक काढलं तर त्याला सुतळी बांधलेली, पुठ्ठा सुटा, पानं बाहेर. पूर्वी तळमजल्यावर बाइंडिंगचा विभाग होता, तिथले काका रिटायर झाले आणि ते पद भरलंच नाही. आता फाटलेली पुस्तकं सुतळी बांधून एका टेबलावर ठेवतात, शंभर-सव्वाशे तरी असतील, आणि ती वाचायला देत नाहीत कारण अजून सुटतील. म्हणजे पुस्तक आहे, नोंद आहे, फक्त शिवायला माणूस नाही.

हे असं का होतं ते मी जरा खोलात जाऊन समजून घेतलं. राज्य सरकार अशा युनिव्हर्सिटीला मुख्यतः मंजूर पदांचे पगार देतं, माणूस रिटायर झाला आणि पद भरायची परवानगी आली नाही की तो पगारही येत नाही. कोविडमध्ये 4 मे 2020 ला वित्त विभागाने जीआर काढून नवीन भरती थांबवली आणि विकासकामांचा खर्च 33 टक्क्यांवर आणला, आधीच रिकाम्या असलेल्या जागा अजून लांबल्या. त्याआधी यूजीसीकडून पंचवार्षिक योजनेत पुस्तकांना, उपकरणांना वेगळे पैसे यायचे, बारावी योजना मार्च 2017 ला संपली आणि ती पद्धतच गेली. राहिला युनिव्हर्सिटीचा स्वतःचा फंड, म्हणजे परीक्षा फी, कॉलेजांची संलग्नता फी, ठेवींचं व्याज. मोठी कॉलेजं स्वायत्त झाली की परीक्षा त्यांच्या त्यांनी घ्यायच्या, मग ती फी पण कमी. अशा वेळी छप्पर गळतंय, लाइटबिल भरायचंय, तासिकेवरच्या प्राध्यापकांचे पैसे द्यायचेत, त्यात पुस्तकखरेदी सगळ्यात सहज कापता येते कारण त्यासाठी कोणी मोर्चा काढत नाही.

जर्नल्सचं मात्र सुधारलंय हे सांगायलाच हवं. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही केंद्राची योजना जानेवारी 2025 पासून सुरू झालीये, त्यासाठी 3 वर्षांसाठी 6,000 कोटी ठेवलेत, 30 प्रकाशकांची जवळपास 13,000 जर्नल्स सरकारी संस्थांना मिळतात. पीएचडी करणारी माझी मैत्रीण खूश आहे, पूर्वी एका लेखासाठी दिल्लीच्या ओळखीच्यांना मेल करत बसायची. पण त्यात मराठी पुस्तक येत नाही, जिल्ह्याचा अहवाल येत नाही, छोट्या प्रकाशकाने कोल्हापुरातून काढलेलं दुष्काळावरचं पुस्तक येत नाही, ते विकतच घ्यावं लागतं.

सगळ्यात जीवाला लागलं ते डोनेशनचं. रिटायर झालेले प्राध्यापक आपला आयुष्यभराचा संग्रह इथे देतात, जिन्याखाली अशी खोकी आहेत, वर स्केचपेनने नाव लिहिलेलं. फुकट आलेलं पुस्तकसुद्धा कपाटात जायला त्याला दाखल क्रमांक द्यावा लागतो, कॅटलॉग करावं लागतं, आणि ते काम करणारे आता एजन्सीचे दोघे, अकरा महिन्यांच्या करारावर, तेच काउंटरही बघतात. मदतीला कमवा-शिकाची मुलं असतात पण परीक्षा आल्या की ती नसतात. एका खोक्यात मला हवं असलेलं पुस्तक वरच दिसत होतं, क्रमांक नाही म्हणून इश्यू करता येईना, मॅडमनी मला तिथेच स्टूल दिलं आणि म्हणाल्या बसून वाचा. दोन दुपारी मी जिन्याखाली बसून वाचलं.

यंदा बाहेरच्यांची वर्गणी वाढवली, मी भरली, मला परवडते. पण विद्यार्थ्यांच्या फीमध्येही लायब्ररीच्या नावाने वाढ आहे आणि ते मला अजिबात पटत नाही. महाडीबीटीची, म्हणजे राज्याच्या पोर्टलवरून मिळणारी, स्कॉलरशिप वेळेवर येत नाही, परभणी-बीडकडून आलेलं पोरगं आधीच मेसचं बिल थकवून बसलेलं असतं, त्याच्याकडून घेऊन राज्याने न दिलेले पैसे भरून काढायचे हे चूक आहे.

स्टार 3 देतेय, जुन्या संग्रहाचे आणि माणसांचे. कापलेले 2 तिथल्या कोणाचे नाहीत, मंत्रालयातून न आलेल्या पैशांचे आहेत.

जाणार असाल तर आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो न्या, डिपॉझिट परत मिळतं पण पावती जपून ठेवा. मागच्या रॅकमधली ट्यूब आपणच लावायची, निघताना बंद करायची. आणि काउंटरवर पुस्तक मागणीची वही असते, ती मागून घ्या, कोणी दाखवत नाही. नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष नीट लिहा, खाली फोन नंबर. मी आत्तापर्यंत नऊ लिहिली, दोन आली, दुसरं आलं तेव्हा मॅडमनी स्वतःच्या मोबाइलवरून फोन करून कळवलं.