मारुती ८०० चं हेड घरी उतरवलं, त्याला आठ महिने झाले

गाडी १९९४ ची. चार गिअर, कार्बोरेटर, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. हेड म्हणजे या इंजिनाचा वरचा, झाकणासारखा भाग, व्हॉल्व्ह त्यातच असतात. आण्णांनी घेतली तेव्हा मी चौथीत होतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीला ती सकाळी सुरू करताना निळा धूर सोडायला लागली. घाट उतरून सपाटीला अॅक्सिलेटर दिला की पुन्हा एक भपकारा यायचा. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल पिऊ लागली आणि आयडलिंगला अशी थरथरायची की डॅशबोर्डवरचा गणपती नाचायचा.

एका गॅरेजवाल्यानं सायलेन्सरकडे बघूनच निकाल दिला: पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअर (सिलिंडर आतून कातणं) करावं लागणार, चाळीस हजार धरून चला. गाडीची आजची किंमतही तेवढी येणार नाही. म्हणून आधी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा, आणला. दोन सिलिंडरनी १६० पीएसआयच्या आसपास दाखवलं, तिसरं १२२ वर अडलं. मग प्लगच्या भोकातून तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं. रिंगा झिजल्या असतील तर ते ऑइल घटकाभर फट बुजवतं आणि काटा बराच वर जातो. आमचा १२५ वर थांबला. म्हणजे दुखणं खाली नव्हतं, वर व्हॉल्व्हमध्ये होतं. धुराचा हिशोबही तिथंच लागत होता. उतारावर पाय काढला की इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरच्या कडक झालेल्या रबरी सीलमधून ऑइल आत ओढलं जातं. तेच पुढच्या अॅक्सिलेटरला जळून बाहेर येतं. गेज नऊशे रुपयांचा. या सगळ्या कामातली सगळ्यात शहाणी खरेदी हीच.

दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांत काम उरकायचं ठरवलं होतं. अकरा दिवस लागले. प्लगच्या वायरींना बायकोच्या नेलपॉलिशनं एक, दोन, तीन ठिपके दिले, व्हॉल्व्ह अंड्यांच्या ट्रेमध्ये नंबरवार ठेवले, प्रत्येक नळी काढायच्या आधी फोटो. हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण गार असताना, कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे सैल करत आणले. अॅल्युमिनियमचं हेड आहे, घाई केली की वाकतं. आण्णा खुर्ची टाकून बघत होते. दोन तासांनी एकच प्रश्न विचारला, "परत बसतंय न्हवं सगळं?"

तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हातात आला तेव्हा त्याच्या कडेला नखानं कुरतडल्यासारखा जळलेली खाच दिसली. तो नवा घेतला. हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) आणि सीट कटिंग (व्हॉल्व्हच्या बैठका कापणं) मात्र घरी होत नाही, तिथं हौस चालवू नये. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरसारखी कारखान्यांची वसाहत असताना त्याची गरजही नाही. दोन दिवसांत हेड आरशासारखं होऊन आलं.

व्हॉल्व्ह घासणं मी घरी केलं. एका लाकडी दांड्याच्या टोकाला रबरी वाटी असते, तीत व्हॉल्व्ह चिकटवायचा, कडेला घासायच्या पेस्टचा बारीक थर लावायचा आणि रवी फिरवावी तसा दांडा दोन्ही तळव्यांत फिरवत राहायचं. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग तो मऊ होत जातो. पुसून बघितलं की चकचकीत धातूवर राखाडी रंगाची एक अंगठी उमटलेली असते, सगळीकडे सारख्या जाडीची. कुठं तुटक दिसली तर पुन्हा पेस्ट. सहा व्हॉल्व्हना एक अख्खी संध्याकाळ गेली. नंतर प्लग लावून हेड उलटं ठेवलं, चेंबरमध्ये पेट्रोल ओतलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर व्हॉल्व्हमागचे पोर्ट कोरडे, म्हणजे व्हॉल्व्ह कुठं गळत नव्हते. त्या रात्री मी फारच खुशीत होतो.

सामान मिळायला काही अडचण नाही. ओम्नीत हेच इंजिन २०१९ पर्यंत येत होतं, त्यामुळे गॅस्केट, सील, बेल्ट सगळं दुकानात असतं. फक्त 'आठशे' एवढंच म्हणू नका. काउंटरवरच्या पोराला त्यातून अल्टो ८०० ऐकू येतं. त्या इंजिनाला सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह, आपल्याला दोन. माझं अल्टोचं पाकीट परत देण्यात एक दुपार गेली.

आता माझी चूक सांगतो. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा, चढवताना खुणा जुळवल्या, टेन्शनर आवळला आणि कव्हर लावून मोकळा झालो. बेल्ट ताणल्यावर इंजिन हातानं दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा बघायच्या असतात, ते केलं नाही. गाडी सुरू झाली, आयडलिंगही गोड, पण चढाला जीवच नाही. मी तीन दिवस कार्बोरेटरच्या मागे लागलो, जेट काढले, घातले, बिचाऱ्याला शिव्या दिल्या. शेवटी कव्हर उघडलं तर बेल्ट एका दातानं चुकलेला.

आठ महिन्यांत ६,४०० किलोमीटर झाले. निळा धूर गेला तो गेलाच. ऑइल एकूण पाव लिटर वरून घातलं. तिसरं सिलिंडर परवा १५८ वर होतं. मे महिन्यात चौघं मोठी माणसं आणि आंब्याच्या दोन पेट्या घेऊन रत्नागिरीहून आलो. साखरप्याकडून आंबा घाट चढताना एसी नव्हता म्हणून सगळे वैतागले होते, पण टेंपरेचरचा काटा मधल्या खुणेच्या वर गेला नाही.

पण खर्चाच्या वहीत बघितलं तर गंमत दिसते. एकूण ११,४०० रुपये गेले, त्यातले बरेचसे हेड आणि मशीनकामाचे. घरच्यांना मात्र जो फरक जाणवला, सकाळी इंजिन पटकन ऊब धरतं, चोक कमी ओढावा लागतो, मध्येच गचके देत नाही, तो दीड हजारांच्या आतल्या सामानानं आला. त्यात पहिला थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. हेड उतरवलं तर थर्मोस्टॅटच्या जागी नुसती पोकळी! कुठल्या तरी मिस्त्रीनं 'आपल्या हवेला लागत नाही' म्हणून तो कधीच काढून टाकला होता. गाडी वर्षानुवर्षं अर्धवट गार चालली, प्लग काळे पडत राहिले, पेट्रोल जास्त जात राहिलं. नवा आणून चहाच्या पातेल्यात पाण्यात टाकला. उकळी फुटायच्या आत तो हळूच उघडला, मग बसवला. (पातेलं आता गॅरेजमध्येच राहतं. आईचा तसा हुकूम आहे.)

दुसरं म्हणजे रबर. व्हॅक्यूमच्या नळ्या, कार्बोरेटरमधला पंपाचा डायफ्राम, इन्सुलेटरचं पॅकिंग, सगळं वाळलेल्या चिंचेसारखं झालं होतं. ते बदललं. पेट्रोलची मुख्य नळी मात्र बाहेरून बरी दिसली म्हणून तशीच ठेवली, १८० रुपये वाचवले. तिसऱ्या महिन्यात गाडी लावल्यावर पेट्रोलचा वास यायला लागला. बोनेट उघडून नळीवरून बोट फिरवलं तर बोटाला काजळ लागावं तसं काळं रबर आलं आणि मागे ओलावा. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला खातं, पाणी धरतं आणि टाकीतला जुना गाळही सोडवतं. माझा पेट्रोल फिल्टर दोन महिन्यांत तांबूस झाला होता. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या आणि नवा फिल्टर घातल्यावर हा त्रास थांबला. जुनी कार्बोरेटरची गाडी असेल तर हेड राहू द्या बाजूला, पेट्रोलच्या नळ्या आजच बदला.

मायलेज हायवेला १३ वरून १७ वर आलं. आण्णांकडे १९९८ ची डायरी आहे, तीत प्रत्येक वेळी भरलेल्या पेट्रोलची नोंद आहे आणि सरासरी १८.५ येते. ते मला रोज ऐकवतात. पण ई२० च्या एका लिटरमध्ये साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमीच असते, म्हणजे आमची बरोबरी झाल्यात जमा आहे. आण्णांना हे मान्य नाही.

टॉर्क पाना, गेज आणि सवडीचे दहा दिवस असतील आणि गाडीवाचून अडणार नसेल, तर वरचं काम घरी करायला हरकत नाही. एवढी साधी मांडणी आहे या इंजिनाची. चमच्याच्या परीक्षेत काटा वर गेला असता, म्हणजे दुखणं रिंगांचं निघालं असतं, तर मीही हात लावला नसता.

एक गोष्ट राहिली आहे. बेल्टच्या बाजूचं क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याचं) ऑइल सील हळूहळू पाझरतंय. बेल्ट उघडला होता तेव्हाच बदलायला हवं होतं, तेव्हा कोरडं होतं. सध्या खाली पुठ्ठा ठेवला आहे. आठवड्याला दोन थेंब पडतात, आण्णा रोज सकाळी फुलं आणायला जाताना मोजतात.