डीटी-८३०डी मल्टिमीटर: फ्यूल पंपाच्या कामाला कितपत पुरतो?

जळगाव-धुळ्यात इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो तो हा पिवळा मीटर, दोन-तीनशे रुपयांचा. सेल्फ लागतो, गाडी उठत नाही, पंपाचा आवाज नाही, अशा वेळी हजारोंचा पंप बदलण्याआधी हाच काढा. फक्त त्याच्या खोडी माहीत हव्यात.

मोठी खोड अशी की पंपाच्या कपलरवर, म्हणजे वायरीच्या जोडावर, तो १२.४ व्होल्ट दाखवतो, तरी पंप फिरत नाही. मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही, म्हणून गंजलेल्या पिनेतूनही व्होल्ट पूर्ण दिसतात. पंपाला साधारण ४ ते ८ अँपिअर लागतात. म्हणून लोडवरच, म्हणजे करंट वाहत असतानाच मोजा: एकच फिलामेंट शाबूत असलेला हेडलाइटचा जुना एच-४ बल्ब पंपाच्या जागी कपलरला जोडा. टाकी बंद हवी, बल्ब लांब वायरवर गाडीबाहेर ठेवा, तो भयंकर तापतो. चावी ऑन केल्यावर बऱ्याच गाड्यांत सप्लाय दोन-तीन सेकंदच येतो, तेवढ्यात आकडा स्थिरावत नाही. रिले, म्हणजे पंपाला सप्लाय देणारा इलेक्ट्रिक स्विच, काढून त्याच्या सॉकेटच्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना फ्यूज घातलेल्या वायरने जोडून घ्या. आता बॅटरीच्या प्लसपासून कपलरच्या प्लसपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं, तर फ्यूज, सॉकेट, कपलर असं टप्प्याटप्प्याने मोजत या. अर्थच्या बाजूला ०.२ च्या आत हवं. दोन्ही ठीक निघाले, तर रिलेच तपासा. तोही चांगला असेल, तर पंपावर संशय घ्या.

वायर सलग असली की वाजणारा बझर कामाचा, पण भोळा. मळ्यात किंवा कापसाच्या शेडमध्ये उभ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडली आणि एकच तार उरली, तरी तो वाजतो.

ओहम रेंजवर रिलेची कॉइल, म्हणजे ८५-८६, तपासता येते. ७० ते १०० ओहम साधारण बरोबर. पंपाचा रेझिस्टन्स मात्र मोजू नका. तो एखाद-दोन ओहम, त्यात मीटरच्या वायरींचाच जवळपास अर्धा ओहम जातो. १० अँपिअरच्या सॉकेटला आत फ्यूज नाही; जाम पंप त्याहून जास्त ओढतो, तिथे वायरीभोवती अडकवायचा डीसी क्लॅम्प मीटर लागतो.

मे महिन्यात पारा ४४ वर गेला की तापल्यावर बंद पडणारे पंप दिसतात. ते बंद पडलेले असतानाच मोजा, थंड झाल्यावर सगळं ठीक दिसतं.

मीटरच्या वायरी आखूड आहेत, बॅटरीपासून मागच्या सीटखालच्या पंपापर्यंत पुरत नाहीत. चार-पाच मीटरची जोड ठेवा. प्रोब कपलरमध्ये खुपसू नका, पिन सैल होते. कपलरच्या मागून, वायरीच्या बाजूने टाचणी घाला आणि तिला प्रोब लावा. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की रीडिंग चढं येतं. घेताना ८३०बी नको, त्यात बझर नसतो.