पीजीव्हेक्टरस्टोअर आणि आपलंच टेबल: काही महिन्यांच्या वापरानंतर

ग्रंथालयाच्या कॅटलॉगला अर्थावरून शोध जोडायचं काम माझ्याकडे आहे. अशा शोधात मॉडेल मजकुराचा अर्थ आकड्यांच्या यादीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये मांडतं; यालाच एम्बेडिंग म्हणतात. पुस्तकांचं टेबल पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आधीपासून होतं: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, वर्ष, विषय, परिचय. त्यामुळे वेगळा व्हेक्टर डेटाबेस आणायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं. तीच माहिती दोन ठिकाणी ठेवली की ती जुळवत बसणं हेच एक काम होऊन बसतं. पोस्टग्रेसला व्हेक्टर साठवता-शोधता यावेत म्हणून पीजीव्हेक्टर एक्स्टेन्शन घातलं, टेबलात एक व्हेक्टर कॉलम वाढवला आणि कोडमधून लँगचेन या एआय ॲप बनवायच्या लायब्ररीतला पीजीव्हेक्टरस्टोअर हा क्लास जोडला.

लँगचेनचा जुना पीजीव्हेक्टर क्लास स्वतःची दोन टेबलं तयार करतो आणि सगळा मेटाडेटा (लेखक, वर्ष असे तपशील) एका जेसनबी, म्हणजे की-किंमत जोड्यांच्या, कॉलममध्ये कोंबतो. नवा क्लास, म्हणजे पीजीव्हेक्टरस्टोअर, आपल्यालाच विचारतो: आयडी कोणत्या कॉलममध्ये, मजकूर कुठे, व्हेक्टर कुठे, मेटाडेटाचे कॉलम कोणते. चार-पाच ओळींत उत्तरं द्यायची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हा क्लास कुणालाही सुचवेन, कारण कॅटलॉगचं टेबल जसंच्या तसं राहतं आणि बाकीचे रिपोर्ट, देवघेवीचे व्यवहार यांना धक्काही लागत नाही.

स्टोअर तयार होतानाच तो टेबलाचे कॉलम तपासतो. सांगितलेला कॉलम नसेल तर त्याचं नाव घेऊन एरर देतो. मजकुराचा कॉलम टेक्स्ट किंवा कॅरॅक्टर प्रकारचाच लागतो, एम्बेडिंगचा व्हेक्टर प्रकारचाच. नावातला एखादा अंडरस्कोर चुकला तरी ॲप सुरू होतानाच कळतं, हे फार चांगलं आहे.

याला अपवाद जेसन कॉलमचा, म्हणजे यादीबाहेरचा मेटाडेटा एकत्र ठेवणाऱ्या कॉलमचा. त्याचं डिफॉल्ट नाव ‘लँगचेन_मेटाडेटा’. तो टेबलात नसला तर एरर येत नाही, तो नाहीच असं धरून काम पुढे चालतं. मग डॉक्युमेंटच्या मेटाडेटात जी की आपण कॉलमच्या यादीत दिलेली नाही, ती साठवलीच जात नाही. कुणी ‘प्रकाशक’ पाठवला आणि यादीत तो नसला, तर पुस्तक टेबलात जातं, प्रकाशक जात नाही आणि लॉगमध्ये एक ओळही उमटत नाही. इथे निदान वॉर्निंग तरी हवी, असं माझं ठाम मत आहे. तोवर उपाय साधा: जेसन कॉलम नको असेल तर कोडमध्ये तसं स्पष्ट लिहावं, आणि एक टेस्ट अशी ठेवावी की जी एक पुस्तक आत टाकते, परत वाचते आणि मेटाडेटाच्या सगळ्या की ताडून पाहते.

सगळ्यात जास्त विचार करावा लागतो तो मजकुराच्या कॉलमचा. ज्या मजकुराचं एम्बेडिंग होतं तोच उत्तरात परत येतो, त्यामुळे नुसतं शीर्षक दिलं तर शोध पांगळा होतो. ‘पाणी टंचाईवरच्या कथा’ असं वाचक टाइप करतो, तेव्हा त्यातला एक शब्दही शीर्षकात नसतो. मी शीर्षक, लेखक, विषय आणि परिचय जोडून ‘शोधमजकूर’ असा वेगळा कॉलम केला. तो जनरेटेड कॉलम करण्याचा मोह होतो, पण स्टोअरमधून पुस्तक टाकायचं असेल तर ते चालत नाही. जनरेटेड कॉलममध्ये पोस्टग्रेस बाहेरून किंमत लिहूच देत नाही. साधा टेक्स्ट कॉलम ठेवून जोडणी कोडमध्ये करणं बरं. एम्बेडिंगचं मॉडेल मल्टिलिंग्वल-ई५-लार्ज, १०२४ मितींचं (म्हणजे प्रत्येक व्हेक्टरमध्ये १०२४ आकडे). मराठी परिचयांना ते नीट पुरतं. त्याला लागणारे ‘क्वेरी:’ (शोधाच्या वाक्याला) आणि ‘पॅसेज:’ (साठवायच्या मजकुराला) हे उपसर्ग एम्बेडिंगच्या क्लासमध्येच लावावेत, कॉलममध्ये साठवू नयेत, नाहीतर वाचकाला उत्तरातही ते दिसतात.

फिल्टरसाठी खरे कॉलम असण्याचा फायदा रोज जाणवतो. वर्ष पूर्णांक असल्यामुळे ‘१९६० नंतरची’ ही अट आकड्यांसारखीच तपासली जाते आणि तिच्यावर नेहमीचा इंडेक्सही बसतो. लेखकाच्या नावावर मात्र फिल्टर लावू नका, मेटाडेटाचा कॉलम म्हणून लेखकाचा क्रमांक द्या. ‘पु. ल. देशपांडे’ आणि ‘पु.ल. देशपांडे’ समानतेच्या अटीला दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात.

पण फिल्टर लावला की निकाल कमी येतात, आणि त्यात कॉलम नेमून देण्याचा दोष नसतो. जवळचे व्हेक्टर झटपट शोधणारा एचएनएसडब्ल्यू इंडेक्स आधी जवळचे व्हेक्टर काढतो, अट नंतर लागते. ईएफ_सर्च, म्हणजे एका शोधात तो किती उमेदवार हाती ठेवतो तो आकडा, डिफॉल्ट ४० असतं. अट दहा टक्के ओळींनाच लागू पडत असेल तर हाती सरासरी चारच ओळी उरतात. पीजीव्हेक्टर ०.८.० पासून इटरेटिव्ह स्कॅन आला आहे. पुरेशा ओळी मिळेपर्यंत तो इंडेक्समध्ये पुढे शोधत राहतो. डेटाबेसच्या रोलवरच (ॲप ज्या खात्याने जोडलं जातं त्यावर) तो चालू करून ठेवला आणि ‘नाटक’ विषयाचं पान पुन्हा भरलेलं दिसू लागलं. इंडेक्स कोसाइनचाच, म्हणजे दोन व्हेक्टरमधल्या कोनावरून अंतर मोजणारा, बनवायला विसरू नका. स्टोअर डिफॉल्टने कोसाइन अंतर वापरतो आणि दुसऱ्या अंतराचा इंडेक्स त्या क्वेरीच्या कामाचा नसतो.

मिती निवडताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी. व्हेक्टर प्रकारावर एचएनएसडब्ल्यू इंडेक्स २,००० मितींपर्यंतच होतो. ३०७२ मितींचं मॉडेल घ्यायचं तर प्रत्येक आकडा निम्म्या अचूकतेने ठेवणाऱ्या हाफव्हेक प्रकाराकडे वळावं लागतं, त्याची मर्यादा ४,००० आहे.

आता मॉडेल बदलून पाहायचा विचार आहे, आणि त्यासाठीही हीच रचना उपयोगी पडते. त्याच टेबलात दुसरा व्हेक्टर कॉलम, नल (रिकामा) चालेल असा. कोडमध्ये दुसरं स्टोअर, फक्त एम्बेडिंग कॉलमचं नाव आणि मॉडेल वेगळं. जुना शोध चालू असतानाच नवा कॉलम रात्रीतून भरत जाईल. ज्या ओळींत अजून नल आहे, त्या नव्या इंडेक्समध्ये येणारच नाहीत.