८ बाय ४२ दुर्बीण: पावसाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंतचा वापर

दुर्बीण घ्यायची म्हटलं की ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो: "१० ची घे, जास्त जवळ दिसतं." मी पावसाळ्याच्या तोंडावर ८ बाय ४२ घेतली, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटर व्यासाची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतल्या दुर्बिणींत डावं-उजवं फारसं नाही, आणि मला बोलायचंय ते या आकड्यांबद्दल.

पावसाळाभर गंगापूर धरणाच्या काठाने ती भिजली, पण आतल्या काचेवर वाफ धरली नाही. आत नायट्रोजन भरलेला असतो, त्याची ही कृपा. बाहेरची काच मात्र आपल्याच श्वासाने धुरकटते.

खरा कस लागला दिवाळीनंतर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात. निफाडची थंडी माहीत असेलच. चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावर पोचावं तर बोटं आखडलेली आणि पाण्यावर धुकं. ४२ ला ८ ने भागलं की येतात ५.२५ मिलिमीटर, १० ने भागलं की ४.२. डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी. भर दुपारी काही फरक नाही, पण झुंजुमुंजू असताना बाहुली मोठी झालेली असते आणि तेवढा एक मिलिमीटर जाणवतो. मित्राच्या १० च्या दुर्बिणीत पाणकणसातली जांभळी पाणकोंबडी म्हणजे नुसता काळा गोळा होता. माझ्या दुर्बिणीत तिच्या चोचीचा लाल रंग कळत होता. शिवाय गारठलेल्या हातात १० ची थरथर वेगळीच.

नोव्हेंबरातली बदकं म्हणजे डोक्याला ताप. भुवई बदकाचे नर अजून मादीसारख्याच पिसांत असतात. पांढरी भुवई उमटते ती हिवाळा सरता सरता. शेजारी चक्रांग बदकं. सगळीच तपकिरी, सगळीच ठिपक्यांची. चोचीच्या मुळाशी फिकट ठिपका आणि गालावर गडद रेघ असेल तर भुवई बदक, शेपटीच्या कडेला पिवळट रेघ असेल तर चक्रांग. काठाजवळ असली तर ८ मध्ये एवढं नीट दिसतं. आत गेली की विषय संपला, आणि तिथे १० नेही भागत नाही. २०२० मध्ये महाराष्ट्राची पहिली रामसर जागा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) म्हणून जाहीर झालेली ही पाणथळ गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यात साचलेल्या गाळाने घडलीय. त्यामुळे पाणी उथळ आणि पसरट: थापट्या बदकांची चंगळ, आपली पंचाईत. स्थानिक गाईडकडे स्कोप (तिपायीवरची जास्त ताकदीची दुर्बीण) असेल तर खुशाल पैसे मोजा.

८ चा दुसरा फायदा म्हणजे दिसणारा पट्टा रुंद. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खाली घसरला की वारकरी पक्ष्यांचा अख्खा थवा पाण्यावर पाय आपटत धावत सुटतो. ही पळापळ आणि भोवत्या, दोन्ही एकदम नजरेत राहतात.

आता तक्रारी. सोबतचा पट्टा फालतू, तासाभरात मान काचते; दोन्ही खांद्यांवर भार घेणारा हार्नेस घ्याच. भिंगांची झाकणं कुठे पडली देव जाणे. आणि उजवा आयकप, म्हणजे डोळ्याला टेकणारी कड, सैल झालाय. मला चष्मा असल्यामुळे तो खाली दाबलेला हवा, पण खिशातून काढेपर्यंत आपोआप वर आलेला असतो. सर्व्हिस सेंटरला मेल टाकली, अजून उत्तर नाही. सध्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून चढवलाय. दिसायला गबाळा आहे, पण आयकप जागचा हलत नाही.